फुंकण्याआधीचे दोन सेकंद

काचेच्या नळ्या ज्योतीत मऊ करायच्या आणि फुंकून त्यांची प्रयोगशाळेसाठी उपकरणं बनवायची, हे काकांचं तीस वर्षांचं काम. मग आजारपणात उजवं फुप्फुस अर्धं काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण फुंकणं बंद.

तीन महिन्यांनी ते वर्कशॉपमध्ये आले ते बर्नर विकायलाच. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी घरीच होते, म्हणून काकूबरोबर मीही सोबत गेले.

"विकण्याआधी मला एकदा शिकवा ना, काका."

"माझ्याकडून कोण शिकलंय आजवर? सहा जण आले, सहाही पळाले."

"शिव्या खाऊन पोट भरलं असेल त्यांचं," औषधाची बाटली उघडत काकू म्हणाली.

नळीच्या टोकाला लिंबाएवढा गोळा फुगवायचा होता. काच मऊ झाली आणि मी ज्योतीतच फुंकलं. एका बाजूला गळू आल्यासारखा फुगवटा आला आणि फुटला. दुसऱ्या वेळी नळी बाहेर काढताक्षणी फुंकलं. पुन्हा तेच.

"गाढव आहेस," काका म्हणाले आणि धाप लागून स्टुलावर बसले. "मी तरी काय, आता शोभेची वस्तू. दाखवायचं म्हटलं, तर छातीत वारा नाही."

"दाखवू नका. फक्त सांगा. तुम्ही म्हणाल तेव्हाच फुंकते."

तिसरी नळी मऊ झाली. "काढ बाहेर," ते म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना श्वास घ्यावा लागला. "आता फुंक."

गोळा गोल आला.

नशीब असेल, असं वाटलं. म्हणून आणखी चार केले आणि भिंतीवरच्या घड्याळावर लक्ष ठेवलं. काकांचा श्वास दर वेळी साधारण दोन सेकंद घेत होता. तेवढ्यात काचेचा पातळ भाग निवून घट्ट होतो आणि जाड भाग मऊच राहतो. मग फुंकर जाड भागालाच ताणते आणि गोळा सगळीकडून सारखा येतो. मी हे काकांना समजावलं.

"मी सगळ्यांना सांगायचो, काढ-फुंक. एका दमात."

"आणि स्वतः?"

त्यांनी एक थंड नळी घेतली. डोळे मिटून ती नसलेल्या ज्योतीत फिरवली, बाहेर काढली, थांबले आणि मगच ओठांपाशी नेली.

"मी थांबायचो की," ते हळूच म्हणाले. "मलाच माहीत नव्हतं."

"तीस वर्षं सांगतेय, बोलताना जरा थांबत जा," काकू म्हणाली. "त्यासाठी फुप्फुस द्यावं लागलं."

काका हसले, खोकले, पुन्हा हसले. निवलेला पाचवा गोळा उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला. "डॉक्टरांचे उपकार. शिकवण्यापुरतं ठेवलंय त्यांनी."

मग मला म्हणाले, "गिऱ्हाइकाला नको म्हणून कळव. आणि तो शेवटचा पळाला ना, ज्याला मी ठोंब्या म्हणायचो, त्याला फोन लाव. म्हणावं, चूक..."

श्वास घ्यायला ते थांबले. आम्ही दोघी थांबलो.

"...माझी होती."