ट्रेलरमधून काढलेलं भूत

कैरोतल्या एडिटिंगच्या खोलीत एडिटर इनायतने नव्या भयपटाचा ट्रेलर लावला आणि निर्माते रऊफसाहेब खुर्ची पुढे ओढून बसले. पडद्यावर एक बाई बंद दाराशी उभी होती. बाहेर लिफ्ट वर येत होती. संगीत नाही, किंकाळी नाही. लिफ्ट थांबली, पण दार कुणीच वाजवलं नाही. ट्रेलर तिथेच संपला.

"अगं, भूत कुठं गेलं? चार-चार तास लागायचे त्याच्या मेकअपला!"

"काढलं, उस्ताद. भूत दिसलं की लोक हसून मोकळे होतात."

"हे कुठून सुचलं तुला?"

इनायत घुटमळली. शहरात दंगल उसळली त्या दुपारी तिचा मुलगा बाहेर अडकला होता आणि ती अशीच दाराला कान लावून उभी होती. चारदा लिफ्ट वर आली, चारही वेळा शेजाऱ्यांसाठी. पाचव्यांदा तो आला, धुळीने माखलेला, पण धडधाकट. तरी त्या चार वेळांची धडकी तिच्या छातीतून गेली नव्हती.

"वाट बघताना सुचलं," ती एवढंच म्हणाली.

रऊफसाहेबांनी ट्रेलर पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "राहू दे बाई, भूत बाहेरच राहू दे."