मोकळ्या केसांची लक्ष्मी

"या किटलीला हात लावला तर चालेल ना?" लीलावतीबाईंनी विचारलं.

किटली सुपरमार्केटातली होती. तळाला चुन्याचा थर, झाकण एका बाजूने निखळलेलं, आणि गेली तीन वर्षं तिच्यातलं सगळ्यात जास्त पाणी लीलावतीबाईंच्याच चहासाठी उकळलेलं. त्यांचा जावई चंद्रशेखर उकिडवे टोस्टला लोणी लावत होता. त्याने सुरी खाली ठेवली.

"आई, अहो विचारता काय? तुमचंच घर आहे."

"हो, पण विचारलेलं बरं असतं," त्या म्हणाल्या आणि त्याने मान हलवेपर्यंत ओट्यापाशी तशाच उभ्या राहिल्या.

हे जानेवारीपासून चाललं होतं आणि आता ऑक्टोबर उजाडला होता. यात टोमणा असता तर चंद्रशेखरला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण सासूबाईंच्या आवाजात टोमण्याचा वासही नसे. म्युझियममध्ये माणूस जसा पहारेकऱ्याला विचारतो, तशा त्या फ्रिजच्या दाराबद्दल, टीव्हीच्या रिमोटबद्दल विचारत. एकदा तर त्यांनी स्वतःच्याच चष्म्याच्या डबीबद्दल विचारलं होतं, कारण ती जावयाच्या टेबलावर राहिली होती.

शिवाय त्या त्याला परत 'तुम्ही' म्हणायला लागल्या होत्या.

या 'तुम्ही'चा इतिहास होता. लीलावतीबाईंनी चाळीस वर्षं इंग्लंडात, रॉदरहॅममध्ये संसार केला. त्यांचे यजमान तिथल्या इस्पितळात भूल द्यायचे डॉक्टर. मराठी सांगलीचं आणि इंग्रजी यॉर्कशरचं, त्यामुळे पोस्टमनचे आभार मानताना त्या 'ता, लव्ह' म्हणत आणि आत येऊन देवाला 'बाबा रे, सांभाळ' म्हणत. डॉक्टर गेल्यावर मुलगी देवयानी आईला रीडिंगला आपल्या घरी घेऊन आली, तेव्हा बाईंनी एकच हरकत घेतली: जावयाच्या घरी कायमचं कसं राहायचं? ही हरकत त्यांची त्यांनीच कामाने मिटवली. देवघर, चांदीची भांडी, तांब्याचा तांब्या, नळ, दाराची कडी, जे जे उजळता येईल ते त्या उजळत. या घरात चेहरा बघायला आरशापर्यंत जायची गरज उरली नव्हती. पहिल्या वर्षी जावई 'चंद्रशेखरराव' होते, दुसऱ्या वर्षी 'शेखरराव' झाले, आणि एका हिवाळ्यात तो फ्लूने कण्हत असताना त्याच्या छातीला बाम चोळत त्या म्हणाल्या, "अरे शेखर, गप पडून राहा की जरा." तेव्हापासून 'तू'. चंद्रशेखर एका विमा कंपनीच्या आयटी विभागात होता. त्या वर्षी त्याला मिळालेली ही एकमेव बढती.

चंद्रशेखरला व्यसन होतं, पण सभ्य होतं. तो नाणी जमवायचा. तीसुद्धा अमेरिकेची, अगदी सुरुवातीची, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असतानाची, चांदीची. इंग्लंडची जमवावीत तर ती रोज खिशात खुळखुळत असतात. भारतातली जमवावीत तर नातेवाईक पिशवीभर आणून देतात आणि मग त्यात काही राम उरत नाही. अमेरिकेची नाणी लंडनच्या लिलावात क्वचित येत आणि चंद्रशेखर ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून लॅपटॉपवरच बोली लावत असे. १७९५ सालचा अर्धा डॉलर त्याने असाच घेतला. हातोडा त्याच्या नावावर पडला तेव्हा तो "येस!" असं मोठ्याने म्हणाला. माईक चालू होता. वीकेंडला काम करायला कोण तयार आहे, असं साहेबांनी त्याच क्षणी विचारलं होतं.

नाणं घरी आलं तेव्हा त्याने ते हातरुमालावर ठेवून सासूबाईंना दाखवलं होतं. कडेने धरायचं, बोट लावायचं नाही, बोटाचा ठसा चांदीवर कायमचा उमटतो, हेही सांगितलं होतं. एका बाजूला किडमिडीत गरुड, दुसऱ्या बाजूला एक बाई.

"ही कोण?"

"लिबर्टी. म्हणजे त्यांची स्वातंत्र्यदेवता."

"केस का असे मोकळे? न्हाऊन आलीय का?" लीलावतीबाईंनी चष्मा वर केला. "फार किमतीचं आहे का रे?"

देवयानी पलीकडेच कपड्यांच्या घड्या घालत होती. नाण्याच्या किमतीत एक बरी सेकंडहँड गाडी आली असती आणि देवयानीची गाडी तेव्हा गॅरेजमध्ये होती. चंद्रशेखर म्हणाला, "छे हो. जुनं आहे, एवढंच."

पुढचं सगळं या 'छे हो'तून निघालं, असं त्याला आता वाटतं.

डॉक्टरांच्या आईने दिलेला एक राणीछाप रुपया लीलावतीबाई दर लक्ष्मीपूजनाला ताटात मांडत. रॉदरहॅमचं घर आवरायला आलेल्या माणसांच्या खोक्यांत तो कुठेतरी गेला. कुठे गेला हे कुणी विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही. गेल्या दिवाळीत मात्र चंद्रशेखर संध्याकाळी अंघोळ करून, झब्बा घालून खाली आला, तर ताटात झेंडूच्या फुलांमध्ये लिबर्टी बसली होती. घासलेल्या चमच्यासारखी लखलखत.

सकाळी फोटो काढायला म्हणून त्यानेच ती टेबलावर काढून ठेवली होती. तेव्हा तिच्या कडेला निळसर झाक होती, गालावर राखाडी साय होती आणि केसांच्या बटांत सव्वादोनशे वर्षांची काजळी होती. या रंगावर लिलावाच्या कॅटलॉगने पाच ओळी खर्च केल्या होत्या. नाण्यावर काही ओरखडे मूळचेच होते. टाकसाळीत चांदी वजनाला जास्त भरली म्हणून तिथल्या कुणा कामगाराने कानस मारलेली. त्या ओरखड्यांनाही कॅटलॉगमध्ये मानाची जागा होती. लीलावतीबाईंच्या ओरखड्यांसाठी त्या जगात एकच शब्द आहे: 'क्लीन्ड'. आपल्याकडे हे कौतुक झालं. तिकडे ही नाण्याची किंमत पाडणारी शिवी आहे, आणि ती एकदा चिकटली की निघत नाही.

"आधी चिंच लावली, मग टूथ पावडर," लीलावतीबाई हौसेने सांगत होत्या. "केसांत फार मळ होता रे तिच्या. आता बघ कशी न्हाल्यासारखी दिसते. लक्ष्मी काळी कशी ठेवायची सणाला?"

चंद्रशेखरने ताटाकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या बोटांकडे पाहिलं. चिंचेने ती सुरकुतली होती.

"वा," तो म्हणाला. "किती छान उजळलंय."

हा त्याच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत उमदा क्षण होता. अडचण एवढीच, की अशा क्षणाला साक्षीदार नसतो, आणि चंद्रशेखरला साक्षीदाराशिवाय फार काळ उमदं राहता येत नसे. त्याने दोन-अडीच महिने काढले.

संक्रांतीला मिल्टन कीन्सला मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. सासूबाई गुडघ्यामुळे आल्या नाहीत. नात वरदा परीक्षा म्हणून त्यांच्याजवळ थांबली. तिळगूळ वाटून झाल्यावर 'ज्याला जे येतं ते' असा भाग होता. लोकांना गाणी येत होती. चंद्रशेखरला सासूबाई येत होत्या. त्याने त्यांचा आवाज काढला, चष्मा वर केला, 'न्हाऊन आलीय का' म्हणून विचारलं. नाण्याची खरी किंमत सांगितली, तेव्हा सभागृहाने एकदम श्वास आत घेतला. मग तो थांबला आणि शेवटचं वाक्य सोडलं. "मी विमा कंपनीत आहे. घराचा सगळा विमा उतरवलाय. चोर, आग, पूर. सासूबाईंचा विमा उतरवायचा राहिला."

लोक पोट धरून हसले. देवयानीसुद्धा हसली, आणि मग किंमत आठवून थांबली. घरी जाताना ती खिडकीबाहेर बघत होती, आणि एकापाठोपाठ एक येणाऱ्या राउंडअबाउटना वळसे घालत चंद्रशेखर मनातल्या मनात आपल्या विनोदातला थांबा तपासत होता: 'पूर'नंतर आणखी अर्धा सेकंद चाललं असतं.

मंडळ कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवतं, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

वरदाने प्रेमाने तो टीव्हीवर लावला होता. आजीला सोफ्यावर बसवलं होतं, पायाखाली उशी दिली होती, आणि "आजी, बाबा आलं बघ" म्हणून आवाज वाढवला होता. चंद्रशेखर आणि देवयानी दारातून आत आली तेव्हा लीलावतीबाई जाग्या होत्या.

"छान बोललात, चंद्रशेखरराव," त्या म्हणाल्या. "लोक हसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिल्यांदा किटलीबद्दल विचारलं.

चंद्रशेखरने माफी मागितली नाही असं नाही. त्याने ती बरीच मागितली. सासूबाई दर वेळी "अहो, चूक माझी, तुम्ही कशाला" म्हणून ती परत करत, उसनी वाटी परत करावी तशी, धुऊन. देवयानी महिनाभर त्याच्याशी कामापुरतं बोलली. वरदा रडली. "मला वाटला ती proud होईल," ती म्हणाली, आणि मग, "बाबा, आजी आता सगळं का विचारतो?" लिंगाच्या चुका चंद्रशेखर एरवी सुधारत असे. या वेळी त्याला कुठली चूक आधी सुधारावी ते कळेना. इकडे नळांवर पांढरे डाग चढले. देवघरातली निरांजनं काळवंडली. ती देवयानीने एकदा डिशवॉशरमध्ये घातली, तेव्हा लीलावतीबाई शालीत हात गुंडाळून शांतपणे बघत राहिल्या.

उन्हाळ्यात त्यांनी रॉदरहॅमच्या कौन्सिलला फोन केला. म्हाताऱ्या माणसांसाठी वॉर्डनच्या देखरेखीखालचे फ्लॅट असतात, त्यातला एक त्यांना मिळाला. जुन्या शेजारणी जवळ आहेत, असं त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी जायचं ठरलं.

तो शनिवार उद्यावर आला होता. चहा झाल्यावर चंद्रशेखर वर गेला, नाणं घेऊन खाली आला आणि हातरुमालासकट सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. शेजारी चिंचेची वाटी ठेवली. काल रात्रीपासून त्याने हे मनात बसवलं होतं आणि तिथे ते बरं दिसत होतं.

"आई, दिवाळी आलीय. एवढं परत उजळून द्याल का?"

लीलावतीबाईंनी हात मांडीवरून हलवले नाहीत.

"तुम्ही त्याच दिवशी ओरडला असतात तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर ओरडायचे. देवयानी ओरडते. मी रडले असते, दोन दिवस रुसले असते, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला चहा करून दिला असता. तुम्ही 'छान' म्हणालात. पाहुण्याकडून कप फुटला की म्हणतात ना, तसं."

चंद्रशेखरने चिंचेची वाटी बाजूला सरकवली.

त्यांनी वाकून नाण्याकडे पाहिलं. "कडेला परत काळं येतंय का?"

"थोडंसं. चांदी आपोआप रंग धरते."

"म्हणजे होईल पहिल्यासारखं?"

"होईल. पण वेळ लागतो."

"किती?"

"साठ-सत्तर वर्षं तरी."

लीलावतीबाईंनी मनात हिशेब केला. मस्करी नव्हती, त्यांनी खरंच केला.

"मग वरदाला सांगून ठेवा," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी गाडीत सामान भरलं. मागच्या सीटवर खोकी, पुढे बाई, स्टिअरिंगला देवयानी. चंद्रशेखरला जागा उरली नव्हती आणि ते त्याने दोनदा बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी काच खाली केली.

"पोळ्या डब्यात आहेत," त्या म्हणाल्या. "वेळेवर खा."

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो फाटकात उभा होता. घे म्हटलं की 'तू', घ्या म्हटलं की 'तुम्ही'. ये, या. बस, बसा. मराठीत माणूस दोन शब्दांत कळतो. पण 'खा' दोघांनाही चालतं. बाईंनी तेवढंच क्रियापद मुद्दाम शोधून काढलं होतं, की पोळ्यांपुढे दुसरं काही येतच नाही म्हणून आलं, हे ठरवायला त्याच्याकडे आता दुसरा पुरावा नव्हता.

तो आत आला. वरदा अजून झोपली होती. पाणी प्यायला म्हणून नळाशी गेला, तर नळात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, लांबुळका आणि दाढी न केलेला.

देवघरापाशी निरांजनं, समया, पळी, पंचपात्री, ताम्हण, सगळं लखलखत होतं. हे कधी केलं? पहाटे, बहुतेक. चिंचेची वाटी रिकामी, विसळून पालथी घातलेली. लक्ष्मीपूजनाचं ताट घासून मांडून ठेवलं होतं. त्यात हळदी-कुंकवाचे करंडे होते, अक्षतांसाठी वाटी होती, आणि मधोमध एका नाण्याएवढी जागा मोकळी होती.

नाणं ताटाबाहेर होतं. बाजूला, त्याच्याच हातरुमालावर, घडी सारखी करून. काल त्याने ते गरुड वर करून ठेवलं होतं. आता लिबर्टी वर होती.

चंद्रशेखरने ड्रॉवरमधून भिंग आणलं. खिडकीपाशी ऊन होतं तिथे नाणं कडेने धरून नेलं आणि तिरकं करून पाहिलं. केस, गाल, कपाळ, कडेचे तारे. मग उलटं करून गरुड. परत सुलटं. आयुष्यभर त्याने ज्या गोष्टीपासून नाणी जपली होती, तीच तो इंच इंच शोधत होता. एखाद्या बोटाचा ठसा.

कुठेही नव्हता. त्यांनी ते कडेनेच धरलं होतं, त्याने शिकवलं होतं तसं.