पायाला दोरा बांधलेला कोंबडा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा रूळ आहे, कापड छापायचा. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावे, मधूनमधून उसासे टाकावे, अशी रीत आहे. ती माझ्याकडून पाळली जाणार नाही. मी रागावलेलो आहे आणि रागातच बोलणार आहे.

सध्या मी लागोसच्या बंदरात एका कंटेनरमध्ये पडलो आहे. माझ्या अंगावर तांब्याच्या तारा, फुटक्या नळ्या आणि माझ्यासारखेच अकरा रूळ आहेत. कंटेनरला गंजून एक भोक पडले आहे, त्यातून समुद्र दिसतो. तेल भरलेली जहाजे पाण्यात खोल बसून जातात आणि परक्या मालाने भरलेली जहाजे त्याच वाटेने आत येतात. दिवसभर मला हेच बघावे लागते.

माझा जन्म साहेबाच्या देशातला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, स्वतः परदेशातून आला आणि परदेशी मालावर चिडतो. पण मी आलो तो कामाला आलो. इथून दूर उत्तरेला, कादुना शहरात एक गिरणी होती. फाटकाजवळ चिंचेचे मोठे झाड होते म्हणून लोक तिला चिंचेची गिरणी म्हणत, आणि कापडाच्या काठावर गिरणीच्या नावाशेजारी चिंचेचा आकडा छापलेला असे. कापूस आसपासच्या शेतांतला, सूत आमचे, विणणारे आमचे, नक्षी काढणारा आमचा. माझ्या अंगावर फुलांच्या वेलीत सहा कोंबडे कोरलेले होते. लाल आणि पिवळ्या रंगाचे रूळ वेगळे, मी गडद निळ्याचा. कोरलेल्या खोबणीत रंग भरायचा, वरचा रंग धारदार पाते खरवडून काढायचे आणि खोबणीतला रंग कापडावर उतरायचा. मी एक वेढा घेतला की सहा कोंबडे उभे राहत.

माझ्या यंत्रावर तान्को नावाचा कारागीर होता. उंच, किडकिडीत, आणि कामाच्या वेळी मनाशीच बोलणारा. रोज सकाळी शेंगदाण्याच्या तेलात तळलेले वाटल्या डाळीचे वडे खाऊन यायचा आणि मला हात लावण्याआधी दोनदा हात धुवायचा. इतका मान मला नंतर कुणी दिला नाही.

एका शनिवारी तो माझ्या खिळ्या आवळत होता. दारातून कुणीतरी ओरडले, "तान्को, अरे तान्को! तुझी तलातू मोकळी झाली! मुलगी!"

तान्कोच्या हातातला पाना सुटला आणि माझ्या अंगावर आदळून खाली घसरला. एका कोंबड्याच्या पायापासून शेजारच्या फुलापर्यंत बारीक चर पडली. तांब्यावर चर पडली की तिच्यात रंग साचतो आणि कापडावर रेघ उमटते. दर सहा कोंबड्यांमागे एकाच्या पायाला निळा दोरा दिसू लागला. गिरणीच्या साहेबाने तान्कोला झाडला. मला घासायला काढायचे ठरले, पण तोपर्यंत दोन गाठी माल बाजारात गेला होता.

आमच्याकडे कापडाला नाव बाजारातल्या बायका देतात. गिरणीने काहीही म्हणावे, बायका म्हणतील ते खरे. आठवड्याभरात त्या गिरणीच्या दुकानावर आल्या आणि विचारू लागल्या, "ते 'माझा कोंबडा बांधलेला आहे' आणखी आहे का?" ज्या बाईचा नवरा दुसरे लग्न करायच्या गोष्टी करू लागे, ती मुद्दाम हे कापड नेसून शेजारणीकडे जाई. लग्नात तर नवरीच्या सगळ्या मावश्या, आत्या, मैत्रिणी एकाच कापडाचे कपडे शिवतात, त्याला 'अंको' म्हणतात. पुढची वीस वर्षे कादुनात निम्म्या लग्नांचे अंको माझ्या अंगावरून गेले. साहेबाने पुन्हा घासायचे नाव काढले नाही.

मुलगी शनिवारची म्हणून तिचे नाव असाबे. ती चार वर्षांची असताना तान्कोने तिला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभे केले होते. "हा दोरा तुझ्यामुळे पडला," तो तिला म्हणाला. "तुझ्या लग्नाचा अंको मी स्वतः याच्यावर छापणार. सगळ्या बायका तुझा दोरा नेसून नाचतील." असाबेने चरेवरून बोट फिरवले आणि निळे बोट बापाच्या पांढऱ्या टोपीला पुसले.

आता रागाचा भाग ऐका. आमच्या देशात दक्षिणेला, नदी समुद्राला मिळते तिथे जमिनीखाली तेल आहे. चांगली गोष्ट आहे ना? आम्हालाही वाटले. पण तेल विकून पैसा येऊ लागला तसे वर बसलेल्या लोकांना वाटू लागले की विकत सगळे मिळते तर करत कशाला बसायचे. तांदूळ बाहेरून, टोमॅटोचे डबे बाहेरून, दात कोरायच्या काड्यासुद्धा बाहेरून. आणि गिरणीचा बॉयलर चालायचा काळ्या तेलावर, म्हणजे जमिनीतले तेल शुद्ध करताना निघणाऱ्या दाट इंधनावर. आमच्या छतावरून तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्याचे धुराडे दिसायचे, पण ते वर्षातून आठ महिने थंड. आमच्याच जमिनीतले तेल समुद्रापार जाऊन शुद्ध होऊन यायचे आणि पाहुणा होऊन आल्यावर जावयासारखा मान मागायचे. कधी मिळायचे, कधी नाही. बॉयलर गार पडला की मीही गार पडायचो.

मग कुणीतरी दूरच्या शहरात बसून सह्या केल्या आणि आता जगाची दारे एकमेकांना उघडी झाली असे जाहीर झाले. मला दार समजते. दारातून जाता येते आणि येता येते. आमच्या दारातून परक्या कापडाचे फक्त येणेच झाले. आमची गिरणी सहा महिने चालायची, सहा महिने बंद. ज्याने माझ्यासाठी कापूस पिकवला त्याने कापूस सोडून मका लावला. एक दिवस फाटकाला कुलूप लागले. मला लाकडी घोडीवर ठेवून वर गोणपाट टाकले. बित्रुस नावाचा पहारेकरी तेवढा राहिला, कारण कुलपालाही राखण लागते.

दीड वर्ष गेले असेल. एका सकाळी फाटकावर माणसांचा गलका झाला. गोणपाटाच्या भोकातून मला खिडकीबाहेर दिसले, तान्को आणि सतराअठरा जुने कामगार, सगळ्यांच्या अंगावर गिरणीचे निळे कपडे, धुऊन इस्त्री केलेले. तान्कोच्या हातात नवे कोरे कापड होते.

"बित्रुस, फाटक उघड," तो म्हणाला. "आम्हाला न सांगता सुरू केलीत होय?"

"काय सुरू केलं?"

"वेड पांघरू नकोस. तलातूने काल असाबेच्या अंकोसाठी बाजारातून आणलंय हे. चाळीस जणींना वाटूनही झालं. काठ बघ. चिंच आहे की नाही? नाव आहे की नाही? हा कोंबडा बघ, दोरा बघ. नवीन माल आहे, अजून खळीचा वास येतोय."

बित्रुसने कापड उलटेसुलटे केले. "मालम तान्को," तो मानाची हाक मारून हळूच म्हणाला, "आत उंदरांशिवाय कुणी काम करत नाही. या, बघून घ्या."

ते आत आले. तान्कोने माझ्यावरचे गोणपाट ओढले, धूळ पुसली आणि कापड माझ्या अंगावर पसरले. कोंबड्यावर कोंबडा बसला. फूल फुलावर बसले. दोराही चरेवर तंतोतंत बसला. मी दीड वर्षात एक वेढा घेतला नव्हता, आणि माझी जखमसुद्धा चोरून कुणी सातासमुद्रापलीकडे छापली होती. काठावर आमच्या गिरणीचे नाव, खाली आमच्या देशाचे नाव. कामगारांपैकी एकजण इस्त्रीच्या कपड्यांनिशी तिथेच धुळीत बसला.

तान्कोने कापड माझ्यावरून उचलले आणि त्याची घडी घातली. मग म्हणाला, "मीच दिलं."

त्याला आठवले ते मलाही आठवत होते. गिरणी बंद होण्याआधीच्या पावसाळ्यात हाजिया रेकिया आली होती, हज करून आलेली, बाजारातली सर्वांत मोठी कापडवाली. "मालम, पहिल्या छपाईचा एक तुकडा द्या," ती म्हणाली होती, "काठासकट, कुठे न फाटलेला. तुमच्यासारखा हात सबंध उत्तरेत नाही, परगावच्या गिऱ्हाइकाला दाखवते." तान्को फुलून गेला होता. त्याने माझा सर्वांत सुबक तुकडा घडी घालून तिच्या हातात ठेवला होता. आपल्या कामाची कुणी तारीफ केली की नमुना हातात द्यायचा, ही आमच्या कारागिरांची रीतच.

तो तडक बाजारात गेला आणि संध्याकाळी परत येऊन बित्रुसजवळ बसला.

"काय म्हणाली हाजिया?"

"म्हणाली, मी नसतं पाठवलं तर शेजारणीने पाठवलं असतं. म्हणाली, तुमची गिरणी सहा सहा महिने माल देत नव्हती, तोवर पोरींनी लग्न थांबवायचं का? आणि वर मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"पाणी प्यायलो," तान्को म्हणाला. "काय म्हणणार? गिरणी मी बंद केली का तिने?"

मित्रांनो, मला हाजियाचाही राग आला होता, खोटे कशाला बोलू. पण ती निदान समोर तरी होती. बाकीचे कुठे बसतात ते तान्कोला ठाऊक नव्हते, मलाही नाही.

लग्नाला तीन दिवस उरले होते. शुक्रवारची नमाज आटोपून तान्को दोन जुन्या सोबत्यांना घेऊन आला. बित्रुसने काही न विचारता फाटक उघडले. त्यांनी मांडणीखालून कोऱ्या कापडाची एक विसरलेली गाठ ओढून काढली. तिचे एक टोक उंदरांनी खाल्ले होते. रंगाच्या पिंपाच्या तळाला वाळलेला निळा होता. तो फोडून, भिजवून, त्यात बाभळीचा डिंक कालवला. लाल नव्हता, पिवळा नव्हता. लांब टेबलावर घोंगडी अंथरली, वर कापड. माझ्या पोकळ पोटातून लोखंडी दांडा घातला आणि चौघांनी मला उचलले.

मला त्या चौघांचा श्वास ऐकू येत होता. तान्को रंग भरी, पात्याने खरवडी, मग चौघे मला कापडावरून लोटत. वाफ नाही, पट्टा नाही, नुसती म्हाताऱ्या माणसांची ताकद. कुठे रंग जास्त बसला, कुठे कोंबड्याची शेपटीच उमटली नाही. सहा वार कापड झाले. दोरा मात्र दर खेपेला स्पष्ट आला.

असाबे डबा घेऊन आली होती. तिने कापड दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरले. "बाबा, मी हेच नेसणार," ती म्हणाली.

"डाग आहेत पोरी."

"असू देत. तुमचे आहेत."

काठावर गिरणीच्या नावाचा, चिंचेचा शिक्का नव्हता. शिक्क्याचे यंत्र मालकांनी आधीच विकले होते.

लग्नानंतर दुसऱ्या दिवशी तान्को आला. माझ्यावरच बसला आणि बित्रुसला सांगू लागला. चाळीस बायका झगझगीत अंको घालून आल्या होत्या आणि मध्ये असाबे, अंगावर फिकट निळे, डाग पडलेले कापड. हाजिया रेकियाही आली होती. मांडवात कुणीतरी असाबेचा पदर उचलून काठ पाहिला. मग दुसरीने पाहिला.

"'अगंबाई, शिक्काच नाही,' म्हणाल्या. 'रंग बघ कसा फुटलाय. नवरीलाच नक्कल नेसवली. वल्लाही, जन्मभर गिरणीत राहिला आणि पोरीला खरा कपडा देता आला नाही.'"

"आणि हाजिया?"

"तिला कळलं. तिने बोटांनी कापड चाचपलं, माझ्याकडे बघितलं आणि जेवायला निघून गेली."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"उठलो होतो. असाबेने नजरेनेच 'नको' म्हटलं. वाटलेलं कापड तलातूचं होतं, रे. खोटं तुमच्या अंगावर आहे असं चाळीस जणींना सांगितलं असतं तर भर मांडवात तिची मान खाली गेली असती. बसलो मी परत. त्या हसल्या, मी बसून राहिलो."

त्यानंतर तो बराच वेळ माझ्या चरेवर अंगठा ठेवून बसला होता. मला त्या दिवसाइतका राग कधीच आला नव्हता. ज्या देशाच्या पोटात इतके तेल आहे, त्या देशात एका चांगल्या कारागिराला लेकीच्या लग्नात मान खाली घालून बसावे लागले, आणि ही कुणाची चूक म्हणून कुठेच लिहिलेली नाही.

पुढे काही महिन्यांनी मालकांनी यंत्रे फुंकून टाकली. मला तांबे म्हणून तोलले. मजुरांनी मला लॉरीत फेकले तेव्हा बित्रुसने टोपी काढली. तान्को त्या दिवशी आला नाही, ते बरेच झाले. आता मी जिथे जाणार आहे तो देश बहुतेक तोच, जिथे माझी नक्कल झाली. तिथे मला वितळवतील आणि माझी तार करतील, आणि तीही विकायला इकडेच येईल.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तूने सांगायचे असते की आम्हाला जपा. मी तसे म्हणत नाही, मला जपायची वेळ निघून गेली. जी माणसे दोनदा हात धुऊन काम करतात त्यांना जपा. कापड घेताना काठावरचे नाव वाचून थांबू नका. हे कुणी विणले, कुठे छापले, ते विचारा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

शुक्रवारचा निळा रंग अजून माझ्या चरेत वाळून राहिला आहे. भट्टीत तो एका क्षणात जळेल आणि मग साक्षीला कुणी उरणार नाही. मांडवात तान्कोला बोलता आले नाही, म्हणून जाण्याआधी मी बोलून ठेवतो. त्या लग्नात एकच कपडा खरा होता, आणि तो असाबेच्या अंगावर होता.