लेडी हॉर्टेन्सला डॉक्टर काय म्हणाला

डॉक्टर शशी कर्णिकांनी रिटायर झाल्यावर एकदाच घर आवरलं, आणि तेही अंगाशी आलं. अडकणारी रेकॉर्ड ठेवून करायचंय काय, म्हणून त्यांनी एक जुनी रेकॉर्ड दानात आलेल्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपला देऊन टाकली. बायकोला न विचारता. सुलक्षणाबाईंनी अबोला धरला.

रेडिओवरच्या रडक्या मालिकांची टर उडवणारी ती विनोदी रेकॉर्ड दोघांनी इंग्लंडात लेस्टरला आल्या वर्षी सेकंडहँड घेतली होती. त्यातली लेडी हॉर्टेन्स दर वाक्याला हुंदका देई, हुंदक्यासरशी ऑर्गन किंचाळे आणि मेलेला नवरा तीनदा परत येई. शेवटी ती विचारी, ‘डॉक्टर, खरं सांगा, मी वाचेन का?’ आणि नेमकी तिथेच पिन अडके. वाचेन का, वाचेन का, वाचेन का! मग सुलक्षणाबाई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन येत, टेबलावर दणका देत, आणि पिन उडून थेट अंत्ययात्रेत पडे. डॉक्टर काय म्हणाला, ते चाळीस वर्षांत दोघांनाही कळलं नव्हतं.

अबोल्याच्या चौथ्या दिवशीही घरचा कारभार लंडनमधल्या एजवेअरला राहणाऱ्या लेकीमार्फत फोनवरून चालला होता.

“शाल्मली, बाबांना सांग, पानं वाढलीत.”

“मॉम, तो नेक्स्ट रूममध्येच आहे ना! मी मीटिंगमध्ये आहे.”

शशींना हसू आलं नाही. बायकोच्या बडबडीला जन्मभर नावं ठेवणाऱ्या या गृहस्थाला आता तिच्याविना चहा गोड लागेना.

पाचव्या दिवशी ते चॅरिटी शॉपमध्ये गेले. रेकॉर्ड केव्हाच विकली गेली होती. मग गावातली सगळी दुकानं पालथी घालून त्यांनी दुसरी मिळवली, एकही चरा नसलेली. घरी येऊन मुद्दाम मोठ्या आवाजात लावली.

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं, पण कोणी बाहेर आलं नाही. हॉर्टेन्स रडली. नवरा तीनदा परत आला.

‘डॉक्टर, खरं सांगा, मी वाचेन का?’

पिन अडकली नाही. डॉक्टरने घसा खाकरला. ‘मॅडम…’

आणि टेबलावर दणका बसला. लाटणं हातात धरून सुलक्षणाबाई उभ्या होत्या. पिन अंत्ययात्रेत पोचली होती.

“अहो, ही अडकत नाही, हे आधी सांगायचं नाही का? बोलणार होता ना तो! चाळीस वर्षांनी बोलणार होता! आणि न विचारता वस्तू देऊन टाकायची ही कुठली पद्धत? त्या दिवशी मी…”

शशींनी हळूच पिन उचलून बाजूला ठेवली. हॉर्टेन्सचं काय व्हायचं ते होवो. हिचं अजून निदान अर्धा तास चालणार होतं, आणि त्यांना त्यातला एक शब्दही चुकवायचा नव्हता.