टाकून दिलेला फोटो

धनजीभाईंच्या वराछ्यातल्या हिऱ्यांच्या कारखान्यात जलपा सकाळपासून एकाच खुर्चीवर बसून होती. तिच्या कंपनीचा प्रोग्राम कच्चा हिरा फिरवत त्याचे चहूबाजूंनी फोटो घेई, त्यांवरून आकार बांधी आणि लेझरने कुठे कापायचं ती रेघ आखून देई. नवे, मोठ्या फोटोंचे कॅमेरे बसवल्यापासून मात्र तो मध्येच मरत होता. चूक काय ते न सांगता सरळ खिडकी गायब.

"पुन्हा चालू केला की चालतो ना, बेन?" धनजीभाई तिच्या पाठीशी उभे होते. "मग करा की चालू! माझे कारीगर हात बांधून बसलेत."

फोनवर तिचे साहेब केयूरभाई तेच म्हणत होते. "तिथे संशोधन नको करत बसूस. मेमरी कमी पडत असेल. जास्तीची टाक आणि ये."

"निम्मी मेमरी रिकामी आहे, केयूरभाई."

तिने प्रोग्रामला मरताना शेवटची जागा लिहून ठेवायला लावलं आणि एकच हिरा पुन्हा पुन्हा फिरवला. दर वेळी तो तिथेच मेला, जिथे पायथन भाषेतला भाग फोटोचा मेमरीतला पत्ता केयूरभाईंनी सी भाषेत लिहिलेल्या भागाला देत होता.

जलपा त्या ओळीकडे बघत राहिली. पायथन आपली साफसफाई आपणच करतो. ज्या वस्तूला कुणी धरून नाही, ती तो टाकून देतो. फोटोचा पत्ता दिला, पण फोटो कुणी धरूनच ठेवला नव्हता. पायथनने तो टाकला आणि सी भाषेतला भाग तोच पत्ता घेऊन रिकाम्या जागेत शिरला. जागाच नाही, म्हणून प्रोग्राम मेला.

आणि मेला नाही तर?

त्याच जागी पुढचा फोटो येऊन बसला असेल, तर आकारात दुसऱ्याच बाजूचा फोटो जाईल. प्रोग्राम मरणार नाही, निमूट चुकीची रेघ आखेल.

"धनजीभाई, लेझरवर काय आहे आत्ता?"

"सकाळी आखलेला. मोठा आहे. का?"

"थांबवा. आधी थांबवा!"

"अहो, अर्धा कापलाय तो..."

ती तोवर शेजारच्या खोलीत पोचली होती. यंत्रावरच्या माणसाने मालकाकडे पाहिलं. धनजीभाईंच्या मानेची शीर ताठ झाली, पण त्यांनी हात वर केला. यंत्र थांबलं.

सी भाषेतल्या भागाचं काम संपेपर्यंत फोटो धरून ठेवायचा, एवढाच बदल होता. प्रोग्राम आता मरेना. सकाळच्या साठवलेल्या फोटोंवरून त्या मोठ्या हिऱ्याची रेघ पुन्हा आखली. तीच होती, केसभरही हलली नव्हती.

"वा!" धनजीभाई म्हणाले. "चांगला खोळंबा केलात, बेन."

ती सकाळचे बाकीचे हिरे एकेक करून आखत गेली. एकाची रेघ सरकली. जुन्या आखणीत ती हिऱ्यातल्या तड्यातून गेली होती. धनजीभाईंनी भिंग लावून तो हिरा बराच वेळ पाहिला.

"त्या मोठ्यानंतर हाच लेझरवर लावणार होतो," ते हळूच म्हणाले.

"कालचे?" जलपाने विचारलं.

"कालचे कापून झाले." ते तिच्याशेजारी स्टुलावर टेकले. "एक दुभंगला. यंत्रावरच्या रसिकने तिरपा बसवला असणार म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत घरी हाकललं. शपथा घेत होता बिचारा."

जलपाने कालचे फोटो उघडले. त्या हिऱ्याचीही रेघ सरकलेली निघाली.

जलपाच्या फोनवर केयूरभाईंचा कॉल वाजत होता, तो कुणी घेतला नाही. धनजीभाईंनी आपला फोन काढून कानाला लावला. पलीकडून आवाज येताच ते स्टुलावरून उठले.

"रसिक," ते म्हणाले, "जेवलास का?"