घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी

डॉक्टर पेशंटच्या तोंडाकडे बघत नसत. त्यांना वेळच कुठे होता? दारातल्या धापेवरून दमा ओळखायचा, ढेकरेवरून पित्त ओळखायचं, टेबलावर ठेवलेल्या हातांवरून कातडीचा आजार सांगायचा आणि मान वर न करता चिठ्ठी लिहायची, असा त्यांचा खाक्या. निदान बरोबर निघायचं, हीच तर पंचाईत. त्यामुळे तोरा इतका की तपासणीच्या खोलीचं दार ते मुद्दाम सताड उघडं ठेवत. बाहेरच्या बाकांवरच्या लोकांनाही कळू दे, डॉक्टर एका मिनिटात सोक्षमोक्ष लावतात ते.

घरी मात्र या गृहस्थांची अक्कल चपलांबरोबर उंबऱ्याबाहेरच राहायची.

डॉक्टरीणबाईंना दीड महिना खाज सुटत होती. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ. अंथरुणाला पाठ टेकली की तर विचारूच नका. डॉक्टरांनी वर्तमानपत्राआडूनच निदान केलं, "साबण बदल." बाईंनी साबण बदलला. मग ते म्हणाले, "पित्त उठलंय, आंबट सोड." बाईंनी आंबट सोडलं. शेवटी म्हणाले, "मनाचं आहे ते. लेकीची काळजी लागलीय तुला." आणि हे सांगताना स्वतः कंबर कराकरा खाजवत होते. त्यांच्या खाजेचं नाव मात्र 'उष्णता'.

लेकीची काळजी होती, त्यात खोटं काही नव्हतं. ती दीड महिन्याची नात घेऊन यायची होती. पहिलीच नात. फोनवर लेक चाचरत म्हणाली होती, "आई, रागावू नकोस, पण तुझी खाज जाईपर्यंत बाळाला घेऊ नकोस हं." बाई "बरं" म्हणाल्या, फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन पोटभर रडल्या. बत्तीस वर्षं डॉक्टरच्या घरात काढायची आणि नातीला लांबून बघायचं, हे कुठलं नशीब?

मग त्यांनी दवाखान्यातल्या सिस्टरना गाठलं. वीस वर्षांपासून तिथे असलेल्या त्या. त्यांनी बाईंचे हात उलटसुलट करून पाहिले.

"वहिनी, खरूज आहे ही. आपल्याकडे रोज चार येतात. मलम मानेपासून तळपायापर्यंत लावा, कपडे-चादरी गरम पाण्यातून काढा, आठवड्याने पुन्हा लावा."

बाईंनी सगळं इमानेइतबारे केलं. थोडे दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तोच ताप.

"डॉक्टरांनी लावलं का?" सिस्टरनी विचारलं.

"ते म्हणतात, डॉक्टरला कशी होईल खरूज?"

"खरजेच्या किड्याला ते ठाऊक नसतं, वहिनी. पांघरूण एकच ना तुमचं?"

बाईंनी मलमाची ट्यूब नवऱ्याच्या उशाशी ठेवून पाहिली. डॉक्टरांनी ती टाचेच्या भेगांना लावली आणि गुण नाही म्हणून कंपनीला नावं ठेवली. मग बाईंनी सरळ विषय काढला, तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "खरूज? माझ्या घरात? दिवसातून वीस वेळा हात धुतो मी. उद्या बाहेर कळलं तर काय अब्रू राहील माझी?" बाई गप्प बसल्या. पण त्या गप्प बसल्या म्हणजे ऐकलं असं नव्हे, हे बत्तीस वर्षांत डॉक्टरांना कळायला हवं होतं.

लेक यायला दहा दिवस उरले, तेव्हा बाई सकाळी दवाखान्यात गेल्या, नंबर घेतला आणि तोंडाला मास्क लावून रांगेत बसल्या. शेजारचे दम्याचे आजोबा त्यांच्याकडे दोनदा निरखून बघत राहिले. मग खोकला आला म्हणून की काय, काही बोलले नाहीत.

नंबर आल्यावर बाईंनी आत जाऊन दोन्ही हात टेबलावर ठेवले. लग्नातल्या बांगड्यांसकट. डॉक्टर पेन सरसावून बसले होते.

"घसा बसलाय यांचा," सिस्टर म्हणाल्या. "खाज आहे. अंथरुणात जास्त."

"खरूज," डॉक्टर म्हणाले. पाच सेकंदही लागले नसतील. "शेंबडं पोर ओळखेल. आधी कुणाला दाखवलं होतं?"

"एका डॉक्टरांना," सिस्टरच म्हणाल्या. "ते म्हणाले, मनाचं आहे."

"कोण हा महाभाग? डिग्री विकत घेतली असेल त्याने." बाहेरच्या बाकांवर खसखस पिकली, तसे डॉक्टर आणखी खुलले. "घरात आणखी कुणाला खाजतंय?"

"नवऱ्याला. पण ते मलम लावायला तयार नाहीत. उष्णता आहे म्हणतात."

"मूर्ख आहे. अशा एका माणसापायी सगळं घर खाजवत बसतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, हे कितीदा सांगायचं लोकांना?"

"आणि घरात तान्हं बाळ यायचंय."

"मग त्या शहाण्याला सांगा, मलम लावल्याशिवाय बाळाला बोट लावायचं नाही. लिहूनच देतो. डॉक्टरचा कागद बघितला की असली माणसं सरळ होतात." त्यांनी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली झोकात सही केली, शिक्का मारला. "नवऱ्याचं नाव काय?"

सिस्टर खिडकीबाहेर बघू लागल्या. बाईंनी मास्क खाली केला.

"लिहा की," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येतं ते."

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांनी मान वर करून पेशंटचं तोंड पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, गालही बसले होते. पेन हवेतच राहिलं. डावा हात मात्र सवयीने कमरेकडे गेला आणि खाजवू लागला, बाकांवरच्या सगळ्यांच्या देखत.

बाईंनी त्यांच्या हाताखालचा कागद अलगद ओढून घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. "नाव मी घालते घरी," त्या म्हणाल्या.

बाहेरून आजोबांचा धापा टाकणारा आवाज आला, "डॉक्टर, तुम्ही जाऊन लावून या. आम्ही बसतो तोवर."