माझ्या खोकल्याची साक्ष

मी मोटार बोलते आहे. बोलता बोलता मधेच खोकले तर रागावू नका. माझ्या खोकल्यामुळेच एका चांगल्या माणसाचं नाव खराब झालं. ते कसं झालं, एवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म विलायतेतला. मला शर्यतीसाठी घडवलं होतं. लांब नाक, चामडी पट्ट्याने आवळलेलं बॉनेट, पुढे दोघांना बसायला जागा आणि मागे झाकण उघडून एकाला बसता येईल अशी डिकी. माझं इंजिन इतर मोटारींहून नाजूक. त्याला पेट्रोल आणि हवा अगदी मापात मिसळून लागतात. हे काम कार्ब्युरेटर करतो. त्याच्याखाली पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि त्या वाटीतलं पेट्रोल जेट नावाच्या भोकातून वर जातं. ते भोक सुईच्या टोकाएवढं. माझी सगळी ऐट त्या एवढ्याशा भोकावर चालते.

छावणीतल्या एका कॅप्टनसाहेबाने मला नगरला आणलं. सकाळी भिंगारकडच्या मोकळ्या रस्त्यावर तो मला पळवायचा. पळवायचा साहेब, पण सांभाळायचा योहान. योहान मिशन कंपाउंडात राहणारा, उंच, कमी बोलणारा ड्रायव्हर. पेट्रोल भरताना तो नरसाळ्यावर कमावलेल्या मऊ कातड्याचा एक तुकडा धरायचा आणि थेंब थेंब गाळून मला पाजायचा. "घाई नको," असं तो स्वतःशीच म्हणायचा. मला वाटायचं, मलाच म्हणतोय.

लढाई सुरू झाली आणि साहेब गेला. जाताना त्याने मला डॉक्टर सूर्यभानरावांना विकलं. डॉक्टरांना रात्रंदिवस खेड्यापाड्यांत जावं लागे, पण त्यांची नजर अधू, म्हणून माझ्याबरोबर योहानही त्यांच्याकडे आला. दोन वर्षं आम्ही पाथर्डीपासून काष्टीपर्यंत फिरलो. मी कधी अडले नाही.

डॉक्टरांच्या घरात त्यांच्या थोरल्या बहिणीचा, गोजरबाईंचा, शब्द चाले. सगळे त्यांना आक्का म्हणत. आक्का विधवा होत्या, फार कष्टाळू आणि फार सोवळ्या. पाणी, दूध, तेल, सगळं त्या दुहेरी फडक्यातून गाळून घेत. रोज दुपारी चरखा घेऊन बसत. त्यांच्या हातचं सूत जाड, पण त्यांना त्याचा मोठा अभिमान.

मग लढाईमुळे पेट्रोल कुपनांवर, ठरावीक मापानेच मिळू लागलं. डॉक्टरांनी डबे मागच्या पडवीत कुलपात ठेवायचं ठरवलं आणि किल्ली आक्कांच्या कमरेला गेली. पहिल्याच दिवशी योहान ओट्याच्या पायरीखाली आपलं कातडं घेऊन उभा राहिला.

"ते काय आहे हातात?" आक्कांनी विचारलं.

"गाळायचं कातडं, आक्कासाहेब. साहेबाच्या वेळचं."

"कातडं? माझ्या पडवीत? आणि तेच पुन्हा डब्याला लावणार? घेऊन जा ते. गाळायचं कसं, हे मला शिकवू नकोस. माझा जन्म गाळण्यात गेलाय."

त्यांनी आतून कोऱ्या खादीचा तुकडा आणला. स्वतःच्या सुताचा, नुकताच विणकराकडून आलेला आणि कात्रीने कापलेला. त्याचे काठसुद्धा अजून शिवले नव्हते. तो दुहेरी करून त्यांनी स्वतः माझ्या टाकीत पेट्रोल गाळलं. योहान खालून बघत होता. कातड्याची घडी करून त्याने खिशात ठेवली.

आठ दिवसांनी मला पहिला खोकला आला.

सपाट रस्त्यावर मी बरी असायची. चढण आली, जोर लावायची वेळ आली, की माझा घसा दाटायचा. कार्ब्युरेटरातून फाट फाट आवाज निघे, धक्के बसत आणि मी मरगळून थांबे. पण पाच मिनिटं उभी राहिले की पुन्हा आपोआप ठीक!

योहानने सगळं तपासलं. प्लग काढून घासले, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडला, टाकीपासूनची नळी फुंकली. जेट काढून आकाशाकडे धरलं, तर भोक स्वच्छ. असणारच! आक्कांच्या कापडाच्या न शिवलेल्या काठांतून सुटलेलं तूस पेट्रोलबरोबर माझ्या वाटीत उतरलं होतं. मी जोर लावला की ते ओढलं जाऊन जेटच्या तोंडाला बसे, मी थांबले की सुटून वाटीत पडे. योहानने ती वाटीसुद्धा काढली होती. पण पेट्रोलचा थेंबही वाया घालवायचा नाही, म्हणून त्याने ती न बघताच डब्यात रिकामी केली. डबा आक्कांकडे गेला आणि त्यांनी ते पेट्रोल त्याच कापडातून पुन्हा गाळून मला पाजलं. जुनं तूस कापडाला राहिलं असेल, पण त्याच्याबरोबर नवं आलं.

मला हे सगळं कळत होतं. पण मला एकच भाषा येते. मी खोकले.

चढणीवर मला चालू ठेवायला योहान हवा कमी करणारा चोक ओढून धरायचा, म्हणून मी जास्त पेट्रोल प्यायचे. टाकीत काठी घालून बघितलं की पेट्रोल कमी दिसायचं. त्या दिवसांत काही ड्रायव्हर पेट्रोल विकून टाकीत घासलेट ओतत, अशी बाजारात बोलणी होती. माझा खोकला आणि काठीची खूण, दोन्ही एकाच माणसाकडे बोट दाखवू लागली.

"डॉक्टर, तुमच्या मोटारीला खोकल्याचं औषध द्या की!" माळीवाड्यातला पानवाला ओरडायचा. मग योहानकडे बघून म्हणायचा, "का घासलेटच मानवंना तिला?"

लोक हसत. आक्का मात्र हसल्या नाहीत. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सूर्यभान, मी माझ्या हाताने गाळून देते. पडवीतून निघेपर्यंत पेट्रोल चोख असतं. पुढचं तू बघ."

योहान ओट्याखाली उभा होता. त्याने ऐकलं.

"डॉक्टरसाहेब, घासलेट असतं तर ही सकाळी गारठ्यात हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली असती का? पांढरा धूर आला असता. वास आला असता."

"मग काय झालंय हिला?"

"अजून सापडलं नाही."

हे खरं उत्तर होतं. पण खरं उत्तर फार दुबळं दिसतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

शेवटी तो दिवस आला. तिसगावहून एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन आम्ही नगरच्या दवाखान्यात निघालो होतो. तिला पुढे बसवून डॉक्टर स्वतः मागच्या डिकीत बसले होते. करंजी घाटात ऐन दुपारी मी खोकले आणि थांबले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. त्या बाईचं कण्हणं मला अजून ऐकू येतं. घाट चढायला दीड तास लागला. बाई आणि बाळ दोघंही वाचली.

घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले, "योहान, हँडल ओट्यावर ठेव. उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, माझ्या मुलांची शपथ..."

"शपथ नको. आज ती बाई गेली असती."

योहानने हँडल पुसलं, ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मी गरम होते, टाकीत पेट्रोल होतं, आणि माझ्या वाटीच्या तळाशी खरं कारण पडून होतं. माझं बॉनेट कोणी उघडलं नाही.

महिनाभर मी तशीच उभी होते. मग डॉक्टरांनी माळीवाड्याच्या भिमाजी मिस्त्रीला बोलावलं. भिमाजी लॉऱ्या दुरुस्त करायचा. बोलायला फटकळ, पण हाताने सावकाश.

"अंगणात ही नीटच चालंल वो," तो म्हणाला. "आजारी मानूस दवाखान्यात आला की त्याचं दुखनं थांबतंय, तसं हाय हे. हिला चढावर खोकू द्या आन् तितंच पोट उघडू."

त्याने मला चढावर नेलं. मी खोकताच त्याने इंजिन बंद केलं आणि मला जरासुद्धा न हलवता वाटी अलगद काढली. डॉक्टरांच्या पेटीतला पांढरा ट्रे त्याने आधीच मागून ठेवला होता. त्यात ती ओतून त्याने तो घरी आणला आणि ओट्यावर उन्हात ठेवला.

"आता बगत बसा," तो म्हणाला. "घासलेट आसंल तर तेलकट डाग मागं ऱ्हाईल."

पेट्रोल उडून गेलं. डाग राहिला नाही. तळाशी राहिलं करड्या पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी, चिमूटभर.

"कापडाचं तूस हाय," भिमाजी म्हणाला. "योहान बिचारा जेट फुकीत बसला. पर हे दडून बसलं हितं वाटीत."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. कोणी काही बोलण्याआधी आक्का पुढे आल्या. त्यांनी ते तूस चिमटीत उचललं आणि दोन बोटांत पीळ दिला. त्याचा धागा झाला. जाड, मधे गाठ असलेला. वीस वर्षं चरखा चालवणाऱ्या बाईला आपलं सूत ओळखू येणार नाही असं कसं होईल?

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांना गप्प बसता आलं असतं. ते कोणाचं, हे भिमाजीला कळलं नसतं आणि डॉक्टरांनी विचारलं नसतं. त्यांनी भिमाजीला मला सुरू करायला सांगितलं आणि त्या माझ्यात बसल्या. त्याआधी त्या माझ्यात कधी बसल्या नव्हत्या.

मिशन कंपाउंडात मी योहानच्या दारासमोर उभी राहिले, म्हणून पुढचं मला दिसलं. योहान खाटेवर बसला होता. त्याची बायको मरियम चुलीपाशी उठून उभी राहिली. आक्का उंबऱ्याशी थांबल्या.

"योहान, घासलेट नव्हतं. माझं फडकं होतं. तू परत ये."

योहान खाटेवरून उठला. पण आधी मरियमच बोलली. "आक्का, याला कुणी गाडी देईना. बाजारात गेला की पोरंसोरं 'घासलेट्या' म्हणत्यात. आमची मुलगी शाळेत जाईना झालीय. नोकरी तुम्ही परत द्याल वो. ते नाव कोण काढणार?"

आक्कांनी मान खाली घातली. मग विचारलं, "ते कातडं आहे का अजून?"

योहानने खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून ते काढलं. आक्कांच्या हातात थेट काही द्यायचं नाही, या सवयीने त्याने ते जमिनीवर ठेवायला हात खाली नेला. आक्कांनी हात पुढे केला. कातडं त्यांच्या हातात आलं.

भिमाजी म्हणाला, "बसा आक्का, निघू."

"तू मोटार मागून आण. मी चालत येते."

मिशन कंपाउंडापासून माळीवाड्यापर्यंत आक्का भर बाजारातून चालत गेल्या, कातडं उघड्या हातात धरून. सोवळ्या आक्कांच्या हातात कातडं! दुकानदार बाहेर येऊन बघू लागले. कोणी ना कोणी विचारायचंच, "आक्का, हे हो काय?"

"योहानचं गाळणं," त्या प्रत्येकाला थांबून सांगत. "मोटारीत घासलेट नव्हतं. माझ्या कापडाचं तूस होतं."

पानवाल्यापाशी तर त्या मुद्दाम उभ्या राहिल्या. त्याने विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. तो पानाला चुना लावत राहिला, एकाच पानाला, कितीतरी वेळ. मी मागून हळूहळू येत होते. वाटी स्वच्छ होती, तरी एकदा खोकले. भिमाजीने दचकून बॉनेटकडे बघितलं. तो खोकला आजाराचा नव्हता.

योहान परत आला नाही. बाजारभर बातमी पसरल्यावर त्याला काष्टीच्या बाजाराची एक लॉरी मिळाली. काही लोक अजूनही त्याला त्याच नावाने हाक मारतात, हे मी ऐकलं आहे. एकदा पडलेलं नाव एका दुपारच्या चालण्याने पूर्ण पुसलं जात नाही.

पुढे डॉक्टरांकडे नेहमी भिमाजीनेच मला चालवलं. कुपनं होती तोवर आक्का त्या कातड्यातूनच पेट्रोल गाळत. गाळून झाल्यावर त्या हात धूत की नाही, ते मला दिसत नसे, आणि दिसलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

आता लढाई संपून तीन वर्षं झाली. डॉक्टरांनी नवी मोटार घेतली. मी लिंबाखाली उभी आहे. माझ्या डिकीत शेजाऱ्यांची कोंबडी अंडी घालते. कातडं शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं आहे, वाळून कडक झालंय. काष्टीची लॉरी कधीतरी रस्त्यावरून जाते. दाराशी आली की हळू होते, थांबत नाही.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्याकडची एखादी मोटार, एखादा पंप, एखादं यंत्र खोकू लागलं, तर त्याच्याजवळच्या माणसाकडे बघण्याआधी त्याचं पोट उघडून बघा. वाटी पांढऱ्या भांड्यात ओता आणि ऊन लागू द्या. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त खोकतो, आणि आमच्या खोकल्याचा अर्थ तुम्ही लावता.